वीस फुटाला एक इंच

पहाटे पावणेपाचला फॉल रिव्हरमधलं ते तीन मजली लाकडी घर
आतून कुणी घण घालावा तसं वाजायला लागतं.
खालच्या मजल्यावरची देओलिंदा म्हणते, वरचा मुद्दाम करतो.
वरचा अदिल्सन, रात्रभर माशांचे काटे काढून नुकताच आडवा झालेला,
म्हणतो, खालची बाई काठीने पाइप ठोकते,
आणि बूट काढून रेडिएटरला दोन लगावतो.
दोन हिवाळे झाले, जिन्यात भेटले तर
दोघंही भिंतीकडे बघतात.

मला बोलावलं तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ होता.
माझे गुडघे त्याआधीच कामातून गेलेले.

मी गेल्या गेल्या काही उघडत नाही.
तळघरात बादली उलटी घालून बसतो आणि ऐकतो.
इव्होनला, माझ्या हाताखालच्या पोरीला, याचा कंटाळा येतो.
तिच्या हातात पान्हा असतो आणि पान्ह्याला काम हवं असतं.
बस, म्हटलं. वाफ निघालीय, तिच्यामागे कान पाठव.

पहिल्या तुळईखालून ती गुपचूप गेली.
दुसऱ्या खालूनही.
तिसरीपाशी गुळणी केल्यासारखा आवाज,
आणि मग
ठाण्‌.

वाफ नाही वाजत, पोरी. वाफ बिचारी हलकी.
वाजतं ते पाणी,
थंड होऊन खाली यायला निघालेलं आणि वाटेतच अडकलेलं.
वाफ त्याला उचलते, पळवते, वळणावर आपटते.

बॉयलरचा दाब कुणीतरी आठवर नेऊन ठेवलेला.
थंडी वाजली की माणसं हेच करतात, चढवतात.
मी दीडवर आणला, या घराला तेवढा पुरे.
काचेच्या नळीत उड्या मारणारं पाणी जरा शहाणं झालं.
ठोके मात्र होते तेवढेच.

मग पाणसळ काढली.
बॉयलरपासून निघालेला पाइप उतरत जायला हवा,
वीस फुटाला एक इंच, डोळ्याला कळणारही नाही इतका.
बुडबुडा खिडकीपर्यंत नीट वागला
आणि तिसऱ्या तुळईखाली भलतीकडे सरकला.
इथे चढतोय, इव्होन म्हणाली.

का, ते विचारावं लागलं नाही.
खाली द्राक्षं पिळायचा घाणा उभा होता,
ओकचा, माझ्याहून उंच, लोखंडी मळसूत्राचा.
त्याला जागा व्हावी म्हणून देओलिंदाच्या भावाने
पाइप दोन बोटं वर उचलून
कोटाच्या हँगरच्या तारेने बांधून टाकलेला.
फ्लोरिडाला फोन लावला. एदुइनो म्हणाला,
पाइपचं राहू दे, त्या वर्षीची वाइन आठवते का?

घाणा आम्हा तिघांना हलेना.
इव्होन न विचारता वर गेली.
अदिल्सन आला तो मोज्यांवर, डोळे चोळत,
या घरात राहून पहिल्यांदाच तळघरात.
लाकडावर हात ठेवून म्हणाला,
फोगोला मामाकडे असाच होता.
देओलिंदा काही बोलली नाही.
त्याच्या मोज्यांकडे बघितलं,
आणि भावाच्या जुन्या सपाता त्याच्यापुढे ढकलल्या, पायानेच.

घाणा हलला. तार सोडली. नवा टांगा लावला.
बुडबुडा मधल्या रेघेच्या किंचित अलीकडे येऊन थांबला,
जिथे तो थांबायला हवा.

पुन्हा बॉयलर पेटवला. चौघं उभे.
तिसरी तुळई गप्प.
वरच्या मजल्यावर व्हॉल्व्हने लांब श्वास सोडला.
मग कुठेतरी मधल्या मजल्यावर, जिथे कुणी राहत नाही,
बारीकसं टिक्‌.
दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं.
तो पाइप तापून लांबतोय, फळीला घासतोय, मी म्हटलं.
त्यावर माझ्याकडे औषध नाही.

दोनशे चाळीस डॉलर, आणि एक बाटली.
आंबट होती.

व्हॅनमध्ये इव्होन ती तार सरळ करत बसली.
दोन बोटं, म्हणाली. फक्त दोन बोटं?
रस्ता उताराचा, बर्फावर अजून मीठ पडलं नव्हतं,
मी ब्रेक सांभाळत होतो.